कॅनॉल मार्ग

कॅनडाच्या वायव्य भागातील, ‘कॅनेडियन ऑइल’ या शब्दांवरून नाव पडलेला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खनिज तेलाच्या नळासाठी बांधलेला आणि आज अंशतः महामार्ग तर अंशतः निर्जन पायवाट म्हणून उरलेला दुर्गम मार्ग. मॅकेंझी नदीच्या काठावरील नॉर्मन वेल्स या तेलक्षेत्रापासून तो मॅकेंझी पर्वतरांग ओलांडून युकॉन प्रदेशात उतरतो व जॉन्सन्स क्रॉसिंग येथे अलास्का महामार्गाला मिळतो. खडबडीत प्रदेशात मोटारी चालवणाऱ्यांच्या जगात उत्तर अमेरिकेतील सर्वांत अवघड वाटांमध्ये त्याची गणना होते. ही ख्याती मुख्यतः त्याच्या पूर्वेकडील, म्हणजे नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील सुमारे ३५० किलोमीटर लांबीच्या भागामुळे त्याला मिळाली आहे. त्या भागातील पूल वाहून गेल्यावर ते पुन्हा कोणी बांधले नाहीत. युकॉनमधील भागावर मात्र उन्हाळ्यात साधी वाहनेही जातात. एकाच वेळी, एकाच कंत्राटात बांधलेल्या रस्त्याच्या दोन टोकांची अशी वेगळी गत व्हावी, याचे कारण डोंगरांपेक्षा देखभालीत आणि प्रशासनाच्या सीमारेषेत अधिक सापडते.

नॉर्मन वेल्सच्या परिसरात जमिनीतून पाझरणारे तेल तेथील डेने आदिवासींना पूर्वीपासून ठाऊक होते. अलेक्झांडर मॅकेंझी याने १७८९ मधील नदीप्रवासात त्याची नोंद केली आणि १९२० मध्ये इम्पीरियल ऑइल कंपनीला तेथे विहीर खोदून तेल मिळाले. तरीही बाजारपेठ इतकी दूर होती की पुढची दोन दशके हे क्षेत्र स्थानिक गरजेपुरतेच चालले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर अलास्काला सागरी मार्गाने होणारा इंधनपुरवठा सुरक्षित राहील का, याची चिंता अमेरिकी लष्कराला वाटू लागली. एप्रिल १९४२ च्या अखेरीस लष्कराच्या पुरवठा विभागाचा प्रमुख जनरल ब्रेहन सॉमरव्हेल याने एका योजनेला मंजुरी दिली. नॉर्मन वेल्सचे तेल नळाने युकॉनमधील व्हाइटहॉर्सला आणायचे, तेथे शुद्धीकरण कारखाना उभारायचा आणि तयार इंधन अलास्का महामार्गावरील वाहनांना व विमानतळांना पुरवायचे, असा तो बेत होता. जूनमध्ये जपानी सैन्याने अल्यूशन बेटांपैकी अट्टू व किस्का ही बेटे घेतली, तेव्हा योजनेची निकड कोणाला वेगळी पटवून देण्याची गरज उरली नाही. अमेरिकेचा अंतर्गत व्यवहार मंत्री हॅरल्ड इकस याने मात्र तिला आरंभापासून विरोध केला होता. ज्या पर्वतरांगेचा पुरेसा नकाशाही उपलब्ध नव्हता तिच्यावरून काही महिन्यांत नळ नेण्याचे वेळापत्रक आखले गेले, एवढी एक गोष्ट पाहिली तरी विरोधकांच्या शंका अनाठायी म्हणता येत नाहीत.

मार्गाची पाहणी कॅनडियन भूमापक गाय ब्लांशे याने डोंगरी डेने वाटाड्यांच्या मदतीने आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन केली. अभियंत्यांनी पुढे जी रेषा धरली, ती बऱ्याच ठिकाणी या लोकांच्या शिकारीच्या आणि स्थलांतराच्या जुन्या वाटांवरून जाते. बांधकामाचे साहित्य पोहोचवणे हा वेगळाच उद्योग होता. अल्बर्टातील वॉटरवेज या रेल्वेस्थानकापासून नळ, यंत्रे, मालमोटारी आणि अन्नधान्य अथाबास्का, स्लेव्ह आणि मॅकेंझी या नद्यांतून पडावांवर लादून उत्तरेला नेले जाई. मध्ये फोर्ट स्मिथजवळ धावत्या पाण्याचा टप्पा चुकवण्यासाठी सर्व माल उतरवून जमिनीवरून वाहावा लागे, शिवाय ग्रेट स्लेव्ह सरोवराचे उघडे पाणी पार करावे लागे. या कामावर अमेरिकी लष्कराच्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभियंता तुकड्या होत्या. त्यांच्या श्रमांचा उल्लेख जुन्या वृत्तांतांत त्रोटकच येतो. बेक्टेल-प्राइस-कॅलहन या कंत्राटदार समूहाने कामगार भरतीसाठी लावलेल्या फलकावर ‘ही सहल नव्हे’ अशा अर्थाचा इशारा ठळक अक्षरांत छापला होता.

रस्ता १९४३ च्या अखेरीस जोडला गेला, नळाचा शेवटचा सांधा १६ फेब्रुवारी १९४४ रोजी मॅकमिलन खिंडीच्या परिसरात वितळजोडाने (वेल्डिंगने) बसवण्यात आला आणि एप्रिलमध्ये तेल व्हाइटहॉर्सला पोहोचले. नॉर्मन वेल्सचे तेल कडाक्याच्या थंडीतही घट्ट होत नसल्यामुळे सुमारे ९३० किलोमीटर लांबीचा हा नळ पुरण्याऐवजी जमिनीवरच टाकता आला. त्याचा व्यास बहुतेक ठिकाणी चार इंच, काही ठिकाणी सहा इंच होता. काम झपाट्याने झाले, पण नळ ठिकठिकाणी फुटून तेल सांडू लागले. तोवर युद्धाचा रोख पालटला होता, जपानी सैन्य अल्यूशन बेटांवरून हटले होते आणि सिनेटर हॅरी ट्रुमन यांच्या समितीने या खर्चावर कडक ताशेरे ओढले होते. सुमारे १३.४ कोटी डॉलर खर्चून उभारलेली ही यंत्रणा १ एप्रिल १९४५ रोजी बंद करण्यात आली, म्हणजे तेल पोहोचल्यानंतर ती जेमतेम वर्षभर चालली. अल्बर्टात लेडुक येथे १९४७ मध्ये मोठे तेलक्षेत्र सापडल्यावर व्हाइटहॉर्सचा शुद्धीकरण कारखाना सुटा करून तिकडे हलवण्यात आला. नळाचा बराचसा भाग उपटून नेला गेला. ज्या वस्तू बाहेर काढण्याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा अधिक होता त्या जागीच राहिल्या. मालमोटारी, पंप केंद्रांच्या इमारती, पिंपे, दूरध्वनीचे खांब आणि शेकडो किलोमीटर तार अशा या वस्तू होत्या.

आजचा प्रवास साधारणपणे पश्चिमेकडून सुरू होतो. व्हाइटहॉर्सपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, टेस्लिन नदीच्या पुलाजवळ, जॉन्सन्स क्रॉसिंग येथे दक्षिण कॅनॉल रस्ता फुटतो आणि क्वाएट सरोवर व लापी नदीची घळ यांच्या बाजूने सुमारे २२० किलोमीटर जाऊन रॉस रिव्हर या कास्का आदिवासींच्या वस्तीला पोहोचतो. रस्ता अरुंद व मातीचा असून त्यावरील अनेक पूल एकेरी आहेत. येथे पेली नदी ओलांडण्यासाठी दोरखंडावर चालणारी वाहनांची फेरी-बोट आहे आणि ती फक्त उन्हाळ्यात चालते. शेजारचा झुलता पादचारी पूल मुळात तेलाचा नळ नदीवरून नेण्यासाठी उभारलेला होता. पलीकडे उत्तर कॅनॉल रस्ता सुमारे २३० किलोमीटर चढत मॅकमिलन खिंडीत प्रादेशिक सीमेला भिडतो. टंगस्टन, शिसे आणि जस्ताच्या साठ्यांमुळे या खिंडीकडे खाण कंपन्यांचे लक्ष असते. युकॉनमधील रस्ता वाहता राहण्यामागे या खनिजांचा वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. रस्त्याकडेला युद्धकाळातील मालमोटारींच्या गंजलेल्या रांगा दिसतात. रॉस रिव्हरनंतर इंधन मिळत नाही. सीमेपर्यंत जाऊन परतायचे तरी ४६० किलोमीटरची सोय बरोबर हवी, आणि खालच्या गिअरमध्ये तासन्‌तास चालणाऱ्या वाहनाचा इंधनखप सपाट रस्त्यावरील हिशेबाने मोजता येत नाही.

सीमेपलीकडे देखभाल पूर्णपणे थांबते. काही अंतर उंच चाकांच्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या रेटत जातात. पुढे मात्र जुना रस्ता कुठे नदीने खाल्लेला, कुठे दरडीखाली गेलेला, तर कुठे विलोच्या दाट झुडपांनी बुजलेला आढळतो. वाटेत सुमारे १,७०० मीटर उंचीचे ‘प्लेन्स ऑफ अब्राहम’ हे उघडे पठार लागते, डोडो घळीत रस्त्याचा मागमूस ओढ्याच्या खडीत हरवतो आणि ट्विट्या नदी तर पायी जाणाऱ्यांना बहुधा हवा भरून फुगवलेल्या लहान होडीतून ओलांडावी लागते. येथे गाडी अडते ती चढावामुळे क्वचितच. युद्धकाळातील अभियंत्यांनी चढ बऱ्यापैकी सौम्य ठेवले होते आणि पठारावरील खडीची फरसबंदी आजही काही ठिकाणी टणक आहे. गाडी अडते ती पाण्यापाशी. लाकडी पूल एका पुरात जातो, मोरी तुंबली की ओढा रस्त्यालाच पात्र समजून त्यावरून वाहू लागतो आणि एकदा पात्र बदलले की भरावाचे उभे कडे उरतात. ते उतरायला फावड्यांनी वाट कोरण्यावाचून उपाय नसतो.

दुसरा अडथळा जमिनीच्या आतला आहे. या प्रदेशात अनेक ठिकाणी पृष्ठभागाखालची माती बाराही महिने गोठलेली असते आणि वरचा शेवाळाचा थर तिला उन्हाळ्याच्या उष्णतेपासून जपतो. बुलडोझरने तो थर खरवडला की खालचा बर्फ वितळतो, जमीन खचते आणि तिथे चिखलाचे डबके तयार होते. अलास्का महामार्गाच्या बांधणीत हा धडा किंमत मोजून शिकल्यावर अभियंते शेवाळ न काढता त्यावरच खडीचा जाड भराव टाकू लागले. जिथे असा भराव टिकला तिथे कॅनॉलची वाट आजही चाकाखाली सापडते, आणि जिथे तो खचला तिथे गाडी आसापर्यंत रुतते. ज्या उंचीपर्यंत झाडे वाढतात तिच्याखाली विंचचा, म्हणजे गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचा, दोर गुंडाळायला खोड तरी मिळते. उघड्या पठारावर मात्र राखीव चाक पुरून किंवा जमिनीत ठोकायचा नांगर वापरून आधार निर्माण करावा लागतो. टायरमधील हवा कमी करून मऊ जमिनीवर चाकाचा ठसा रुंदावणे, गिअरपेटी व आसात हवा खेळती ठेवणाऱ्या श्वासनळ्या पाण्याच्या पातळीच्या वर नेणे, किमान दोन वाहने एकत्र ठेवणे या गोष्टी अशा प्रवासात प्राथमिक समजल्या जातात.

नदी ओलांडण्यापूर्वी कोणीतरी काठी घेऊन पायी पात्र तपासते. अरुंद व शांत दिसणारी जागा बहुधा खोल असते. म्हणून अनेक धारांत फाटलेला, रुंद आणि खळाळता भाग निवडतात व प्रवाहाच्या दिशेने किंचित तिरके जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर गाडीवरचा दाब चौपट होतो. त्यातच बुडालेला भाग गाडीला वर उचलत असल्याने चाकांची पकड सुटते. म्हणूनच अनुभवी पथके डोंगरात पाऊस झाल्यावर पाणी उतरेपर्यंत एकाच जागी मुक्काम करतात, आणि मोहिमेच्या वेळापत्रकात असे रिकामे दिवस धरलेले नसतील तर ते वेळापत्रक फारसे गांभीर्याने घेऊ नये.

रॉस रिव्हर सोडल्यावर मोबाइल फोन निरुपयोगी ठरतो. पथके उपग्रह दूरध्वनी किंवा स्थान कळवणारी लहान उपकरणे नेतात. त्यांपैकी अनेक उपकरणे ६६ उपग्रहांच्या इरिडियम जाळ्यावर चालतात, आणि हे जाळे ध्रुवांपर्यंत पोहोचत असल्याने उत्तरेकडे ते विशेष उपयोगी पडते. ठरावीक अंतराने पाठवलेल्या या स्थानबिंदूंवरून घरी बसलेल्या आप्तांना किंवा मदतनीसांना मोहिमेचा मागोवा घेता येतो. हा मागोवा वाचायलाही सवय लागते. बिंदू दिवसभर हलला नाही, तर बहुतेक वेळा पूर ओसरण्याची वाट पाहणे, रुतलेली गाडी काढणे किंवा वाट कोरणे चाललेले असते. अरुंद घळीत आकाश झाकले गेल्याने काही तास बिंदूच उमटत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी किती तासांच्या शांततेनंतर मदत बोलवायची हे उभयपक्षी लेखी ठरवून घेणे शहाणपणाचे. येथे मदत येते ती हवाई मार्गाने, हवामान उघडल्यावरच, आणि अडकलेली गाडी बाहेर काढण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.

हा मार्ग १९९० मध्ये कॅनडाचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदवला गेला. मागे राहिलेली पंप केंद्रे आणि मालमोटारी त्यामुळे एकीकडे वारसा ठरल्या, तर दुसरीकडे तेलाने भिजलेली माती, ॲस्बेस्टॉस आणि तार हा उघड कचराच आहे. त्यातही तारेचा उपद्रव सर्वांत जिवंत होता. कॅरिबू आणि मूस या मोठ्या हरणांची शिंगे तिच्या वेटोळ्यांत अडकून ही जनावरे तडफडून मरत असल्याची तक्रार डोंगरी डेने लोक दीर्घकाळ करत आले आणि एकविसाव्या शतकातच तार गोळा करण्याचे काम मार्गी लागले. साहतू परिसरातील डेने व मिश्र वंशाचे मेती यांच्याशी १९९३ मध्ये झालेल्या भूमिहक्क करारात या वाटेलगत प्रादेशिक उद्यान करण्याची तरतूद आहे. डेने तरुणांना घेऊन वडीलधाऱ्यांनी काढलेल्या पदयात्राही येथे होतात, आणि त्या चालणाऱ्यांच्या दृष्टीने ही वाट अमेरिकी लष्कराच्या आधीपासूनची आहे.

मोटारमोहिमांचा प्रश्न येथेच नाजूक होतो. शेवाळावर उमटलेले चाकांचे चरे अनेक दशके बुजत नाहीत. युद्धकाळातील बुलडोझरचे मागही आज ओळखता येतात. त्यामुळे जुनी खडीची रेषा सोडून, अडथळा टाळण्यासाठी बाजूच्या ओल्या कुरणातून गाडी घालणे ही या मार्गावरची सर्वांत हानिकारक चूक मानली पाहिजे, आणि नेमके तेच करण्याचा मोह प्रत्येक खचलेल्या भरावापाशी होतो. साहतू क्षेत्रात जड वाहने नेण्यापूर्वी जमीन वापराच्या परवान्याची चौकशी करणे आवश्यक असते. दक्षिण व उत्तर कॅनॉल रस्ते हिवाळ्यात साफ केले जात नाहीत. त्यामुळे प्रवासाचा व्यवहार्य काळ जून-अखेर ते सप्टेंबरचा प्रारंभ एवढाच उरतो. त्यातील जुलै डासांचा असतो, तर सप्टेंबरमध्ये खिंडीत बर्फ पडू लागतो.