कोकण बोर्ड दरवर्षी पहिलं येतं, त्यामागची जुनी गोष्ट

दहावीचा निकाल लागला की बातमी ठरलेली असते, कोकण विभाग राज्यात पहिला. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२, तेव्हा राज्याचा निकाल होता ९४.१०. मग लोक म्हणतात मासे खाऊन डोकं चालतं, कोणी म्हणतं तिकडे पेपर सोपे तपासतात. दोन्ही ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण यामागे कितीतरी लोकांचे कष्ट आहेत.

आधी एक क्लिअर करूया, कोकण बोर्ड म्हणजे अख्खं कोकण नाही. फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, रायगड-ठाणे-पालघर मुंबई विभागात जातात. आधी हे दोन जिल्हे कोल्हापूर विभागात होते, म्हणजे काही काम पडलं की घाट चढून कोल्हापूर गाठायचं. मग रत्नागिरीला वेगळं विभागीय मंडळ झालं, मार्च २०१२ ला त्याची पहिली परीक्षा, आणि तेव्हापासून पहिला नंबर सोडलेला नाही.

परीक्षा लांब असणं हे इथलं फार जुनं दुखणं. महर्षी धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे, १८७५ च्या सुमारास ते परीक्षेसाठी मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि तिथे वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे मॅट्रिक झाले ते १८८१ ला, मुंबईला जाऊन. तेव्हा शिकायचं म्हणजे गाव सोडायचं, आणि ज्याच्याकडे बोटीचे पैसे नाहीत, मुंबईत कोणी नातेवाईक नाही, त्याचं शिक्षण तिथेच संपायचं. मुलींचं तर विचारूच नका.

हे बदललं ते गावागावात हायस्कुलं निघाली म्हणून, आणि त्यातली कितीतरी चाकरमान्यांनी उभी केलीत. मुंबईला गिरणीत, गोदीत काम करणारी माणसं, खोलीत दहा-दहा जण राहायची, घरी मनीऑर्डर पाठवायची आणि त्यातूनच गावच्या मंडळाला वर्गणी द्यायची, की आपल्या वाडीतल्या पोरांना तरी मॅट्रिकपर्यंत गावात शिकता यावं. कुणी जमीन दिली, कुणी बांधायला चिरा म्हणजे जांभा दगड दिला, बाकीच्यांनी श्रमदान केलं. आजही बऱ्याच शाळांची एक कमिटी गावात आणि एक मुंबईत असते. १९७५ ला अकरावीची एसएससी जाऊन दहावीची आली, तोवर हे जाळं बऱ्यापैकी विणलं गेलं होतं.

त्यामुळे इथे शाळा जवळ आणि वर्ग लहान. दहावीत वीस-पंचवीस मुलं असली की सरांना माहीत असतं कोणाचं गणित कच्चं आहे, कोण सकाळी काजू गोळा करून येतं, कोणाची एसटी पाचला सुटते. आडगावात प्रायव्हेट क्लास नसतात, मग जादा तास आणि सराव पेपर शाळेतच, आणि मुलगा दोन दिवस आला नाही तर सर घरी हजर. अख्ख्या विभागातून दहावीला बसणारी मुलं तीस हजारांच्या आत, मुंबई विभागात तीन लाखांच्या वर, तेव्हा दोघांची सरळ तुलना करणं मला पटत नाही, हेही सांगायला हवं.

पण पेपर सोपे तपासतात म्हणणाऱ्यांनी २०१९ बघावं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण, म्हणजे शाळेच्या हातातले मार्क, काढले आणि राज्याचा निकाल धाडकन ७७.१० वर आला. कोकण पण पडलं, ८८.३८ वर, पण राज्याच्या अकरा टक्के पुढे! हे मार्क गेल्यावर अंतर वाढलं म्हणजे अभ्यास खरा होता. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि सगळेच परत वर गेले, कोकण ९८.७७, राज्य ९५.३०.

तरी हा टक्का फक्त पासचा आहे. ३५ वाला आणि ९५ वाला त्यात सारखेच. मूल आठवीत कुठे होतं आणि दहावीत कुठे पोचलं हे त्यातून कळत नाही, आणि बारावीनंतर किती जण पुढे शिकले, किती जण थेट मुंबईची गाडी धरून नोकरीला लागले हे तर अजिबात नाही.

आणि ज्या लहान वर्गांमुळे हे जमलं त्यांच्यावरच आता पटसंख्येची टांगती तलवार आहे. गावं रिकामी होतायत, जन्म कमी, त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष बदलले, पट कमी असेल तर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. मग गणिताला सर नाहीत, किंवा एकाच बाईंनी तीन विषय घ्यायचे. शाळा बंद पडली तर सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, वाडीतल्या मुलीला पुढची शाळा आठ-दहा किलोमीटरवर आणि एसटी दिवसातून दोनदा, आणि तिचं नाव निकालाच्या टक्क्यात कुठेच दिसणार नाही कारण ती परीक्षेलाच बसलेली नसेल.