ऑनलाइन पोर्टफोलिओ, मुक्त लेखकाचा

ऑनलाइन पोर्टफोलिओ, मुक्त लेखकाचा : बांधील नोकरी न करता कामागणिक मानधनावर लिहिणारा लेखक आपले निवडक लेखन, स्वतःची ओळख आणि संपर्काची सोय इंटरनेटवर जिथे एकत्र मांडून ठेवतो, ती जागा. काम देण्याआधी संपादक किंवा क्लायंट बहुधा एवढेच म्हणतो, ‘आधी काय लिहिलंय ते पाठवा.’ त्याचे तयार ठेवलेले उत्तर म्हणजे पोर्टफोलिओ. बायोडेटात लेखकाने काय काय केले याची यादी असते. इथे केलेले काम थेट वाचायला मिळते.

मूळ इटालियन शब्द दोन शब्द जोडून झाला आहे. ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे आणि ‘फोल्यो’ म्हणजे कागदाचे पान. चित्रकार, वास्तुविशारद आपली रेखाटने अशा मोठ्या पाकिटात घालून घेऊन हिंडत. लेखकाचे पाकीट म्हणजे कात्रणवही. छापून आलेला लेख कात्रीने कापायचा, समासात नियतकालिकाचे नाव आणि तारीख घालायची, वहीत डकवायचा आणि गरज पडेल तेव्हा त्याच्या छायाप्रती टपालात टाकायच्या. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ आणि २००३ मध्ये ‘वर्डप्रेस’ आल्यावर संगणकाचे फारसे ज्ञान नसलेल्यालाही स्वतःची पाने प्रसिद्ध करता येऊ लागली. पुढे खास लेखक-पत्रकारांसाठी तयार साचे देणाऱ्या सेवा निघाल्या. त्यांतल्या एकीचे नाव ‘क्लिपिंग्ज डॉट मी’ आहे; ‘क्लिपिंग्ज’ म्हणजे कात्रणे. कात्री गेली, तरी कात्रण नावातून सुटलेले नाही.

निवड

पोर्टफोलिओ उभारताना पहिली चूक होते ती सगळे चढवण्याची. दहा वर्षांचे बाड जसेच्या तसे टाकले की चांगला लेख साधारण लेखांच्या गर्दीत हरवतो. पाहणाऱ्याला वेळ नसतो. तो पहिला नमुना उघडतो, दोन परिच्छेद वाचतो आणि फार तर आणखी एक उघडून बघतो. त्यामुळे सहा-आठ नमुने पुष्कळ झाले. त्यांचा क्रम तारखेने लावण्यापेक्षा पुढे कोणते काम हवे आहे, त्यावरून लावलेला बरा. आरोग्यावर लिहायचे असेल, तर आरोग्याचा लेख सगळ्यात वर. भरपूर पैसे मिळाले पण पुन्हा नको वाटते, असे काम खाली, किंवा सरळ बाहेर. पोर्टफोलिओत जे दिसते तेच काम पुन्हा चालून येते.

नुसते शीर्षक आणि लिंक दिल्यास पाहणाऱ्याला काही कळत नाही. लेखाखाली दोन ओळी लागतात. समजा, नमुना विम्यावरचा आहे. ‘विमा दावा : संपूर्ण माहिती’ एवढेच लिहिण्याऐवजी असे लिहिता येते : ‘विमा कंपनीच्या ग्राहकांसाठी १,२०० शब्दांची मार्गदर्शिका. मूळ मजकूर पॉलिसीच्या कायदेशीर भाषेत होता. दावे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांशी बोलून, ग्राहक नेमके कुठे अडतात ते समजून घेऊन नव्याने लिहिला.’ लेखकाने नेमके काय केले, हे या तीन वाक्यांत येते. तयार लेख वाचून ते कळत नाही. छापील लेखावर संपादकाचाही हात फिरलेला असतो, आणि अनुभवी संपादकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच तो लेखाइतक्याच बारकाईने या ओळीही वाचतो.

नवोदिताकडे छापून आलेले काही नसते. त्याने ज्या प्रकारचे काम हवे आहे, तसे दोन-तीन लेख स्वतःहून लिहून ठेवावेत, पण त्यावर ‘नमुना लेखन, अप्रकाशित’ असे स्वच्छ लिहावे. एखाद्या नामांकित ब्रँडसाठी कल्पनेने लिहिलेली जाहिरात तिथे खऱ्या कामासारखी मांडणे ही सरळ फसवणूक आहे, आणि एका फोनवर ती उघडी पडते.

ओळख

‘माझ्याविषयी’ हे पान लेखक शेवटी, घाईत लिहितात, आणि पाहणारा बहुतेकदा तेच आधी उघडतो. ‘शब्दांवर मनापासून प्रेम करणारी, लहानपणापासून वाचनाची आवड असलेली लेखिका’ हे वाक्य कुणालाही लागू पडते, म्हणून ते कुणाचेच नसते. ‘वैद्यकीय संशोधन रुग्णांना समजेल अशा भाषेत लिहिते. आधी सहा वर्षे प्रयोगशाळेत काम केले’ यातून विषय, वाचक आणि अधिकार तिन्ही कळतात. लेखकाच्या बाबतीत हे पानसुद्धा एक नमुनाच असते. तिथली शुद्धलेखनाची एक चूक खालच्या सहा लेखांवर पाणी फिरवू शकते.

हक्क आणि गोपनीयता

लेखकांच्या हक्कांविषयीच्या ‘बर्न करार’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या तत्त्वानुसार लेखनावरचा स्वामित्वहक्क नोंदणी न करताही लेखकाकडे येतो; पण मुक्त लेखक तो बऱ्याचदा करारावर सही करून देऊन टाकतो. असे असेल तर प्रकाशकाच्या पानाची लिंक देणे निर्धोक, संपूर्ण मजकूर स्वतःच्या साइटवर पुन्हा छापणे मात्र परवानगीशिवाय नको. या वादाचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. छापील अंकासाठी दिलेले लेख दैनिकांनी न विचारता इलेक्ट्रॉनिक संग्रहांना पुरवले, म्हणून मुक्त लेखकांनी भरलेला ‘न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टॅसिनी’ हा दावा २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लेखकांनी जिंकला. मात्र त्यानंतर, हक्क सोडून न दिलेल्या लेखकांचे जुने लेख त्या संग्रहांतून काढले जाऊ लागले. खटला जिंकूनही लेख दिसेनासे झाले.

दुसऱ्याच्या नावाने लिहिलेल्या मजकुराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अशा लेखकाची चांगली चांगली कामे पोर्टफोलिओत येऊच शकत नाहीत. लेखी परवानगी मिळाल्यास प्रश्न मिटतो. नाहीतर ‘एका तंत्रज्ञान कंपनीच्या प्रमुखासाठी वर्षभर मासिक स्तंभ’ असे नाव न घेता वर्णन करता येते, अर्थात गोपनीयतेच्या करारात तेवढी मुभा असेल तर. करार करतानाच ‘पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी’ हे कलम घालून घेणे सोपे. काम संपल्यावर ते मागताना जीभ अडते.

जपणूक

ऑनलाइन लेख कायम राहतो, ही समजूत खोटी आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ मधली ३८ टक्के वेबपाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. नियतकालिक बंद पडते, साइटची रचना बदलते, मालक बदलतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘डीएनएइन्फो’ आणि ‘गॉथमिस्ट’ या बातम्यांच्या साइट मालकाने एका फटक्यात बंद केल्या, तेव्हा जुन्या पानांच्या जागी त्याचे निवेदन दिसू लागले आणि पत्रकारांना नवी नोकरी शोधताना दाखवायला स्वतःचेच लेख सापडेनात. संग्रह नंतर पुन्हा खुला झाला, पण धडकी भरायची ती भरली.

म्हणून लेख प्रसिद्ध झाला त्याच दिवशी त्याची पीडीएफ काढून ठेवावी. तीत बायलाइन (लेखावर छापलेले लेखकाचे नाव), तारीख आणि पानाचा पत्ता दिसला पाहिजे. इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर ते पान जतन करण्याची विनंतीही फुकट करता येते. ही कात्रणवहीच, फक्त डिंकाशिवाय. लिंक मेल्यावर जुनी प्रत दाखवता येते, आणि ती मेली आहे हे कळायला वर्षातून दोनदा प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघावी लागते.

जागा आणि पत्ता

तयार सेवा वापरावी की स्वतःची साइट, याला फार महत्त्व देण्याचे कारण नाही. स्वतःचे डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावावरचा इंटरनेट पत्ता, मात्र असावे. सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. लोकांना स्वतःची पाने ठेवायला जागा देणारी ‘जिओसिटीज’ ही सेवा २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा ज्यांचा पत्ताच तिच्या नावावर होता त्यांचा पत्ताही गेला. डोमेन विकत मिळत नाही, मुदतीवर मिळते. नूतनीकरण राहिले आणि सवलतीची मुदतही टळली, तर ते दुसरा कुणीही घेऊ शकतो.

रोमनखेरीज इतर लिपीत लिहिणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आणि लेखाचे नुसते छायाचित्र सर्च इंजिनच्या सहसा हाती लागत नाही, म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकाच्या सामायिक अक्षरपद्धतीत, टंकलेला हवा. शिवाय देवनागरीत घेतलेले डोमेन यंत्रणेच्या आत रोमन अक्षर-आकड्यांच्या रांगेत बदलते; काही ईमेलमध्ये ती रांगच दिसते आणि वाचणाऱ्याला लिंक संशयास्पद वाटते. असा पत्ता घेतलाच, तर जोडीला एक रोमन पत्ताही ठेवावा.

संपर्कासाठी फक्त फॉर्म ठेवणे धोक्याचे. फॉर्ममधून निघालेले पत्र अनेकदा स्पॅममध्ये जाते आणि पाठवणाऱ्याला ‘धन्यवाद, संदेश मिळाला’ असे दिसत राहते. फॉर्म लावल्यावर तो अनोळखी ईमेल पत्त्यावरून एकदा भरून बघावा, आणि त्याच्या शेजारी साधा ईमेल पत्ताही द्यावा.