पायाळू आणि अंजन

जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले तर त्या माणसाला महाराष्ट्रात पायाळू म्हणतात, आणि अशा माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं गुप्तधन दिसतं अशी जुनी समजूत आहे. उसण भरली की पायाळूचा पाय पाठीला लावून घेणं, विजा चमकायला लागल्या की त्याला घरात बोलावणं, हे बहुतेकांना माहीत असतं म्हणून इथे मुख्यतः अंजनाबद्दल.

अंजन कुठून आलं यावर एकमत नाही. कोणी याला निव्वळ गावाकडची समजूत मानतं, कोणी थेट संस्कृत ग्रंथांपर्यंत जातं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेवटून दुसऱ्या म्हणजे १४व्या अधिकरणात अंधारात दिसण्याचा प्रयोग दिलाय: मांजर, उंट, लांडगा, डुक्कर, घुबड अशा प्राण्यांचे उजवे आणि डावे डोळे घेऊन त्यांची वेगवेगळी पूड करायची, मग उजव्याची पूड आपल्या डाव्या डोळ्यात आणि डाव्याची उजव्या डोळ्यात घालायची. ग्रंथाचा काळ कोणी इ.स.पू. ४थं शतक धरतात, कोणी इ.स.च्या पहिल्या काही शतकांपर्यंत खाली आणतात, आणि हा भाग नंतर जोडला गेला असणंही शक्य आहे. पण तिथे गुप्तधनाचा संबंध नाही, जन्माची अटही नाही. पंचतंत्रात धन शोधायला निघालेल्या चार ब्राह्मणांना भैरवानंद नावाचा योगी सिद्धवर्ती म्हणजे मंतरलेली वात देतो, ती जिथे पडेल तिथे खणायचं, तिथेही पायाळू कोणी नाही. म्हणून अंजन आणि पायाळू या मुळात दोन वेगळ्या समजुती असाव्यात आणि पुढे कधीतरी लोकांत एकत्र झाल्या असाव्यात, हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं.

अंजनात काय घालतात हे मांत्रिक सांगत नाहीत. काजळी, तेल आणि पांढऱ्या गुंजेचं मूळ यांची नावं ऐकू येतात. गुंजेच्या बीत अब्रिन नावाचं जहाल विष असतं, ते डोळ्याला लागलं तर गंभीर इजा होते, त्यामुळे असलं काही कुणाच्याही डोळ्यात घालू नये, पोराच्या तर नाहीच. याच्याच जवळचा प्रकार म्हणजे हाजरत, त्यात लहान मुलाच्या तळहाताला किंवा अंगठ्याच्या नखाला काजळ लावून त्यात काय दिसतं ते विचारतात.

धनाच्या मागे एकापेक्षा जास्त टोळ्या असल्या की पायाळू कोणाच्या हाती लागतो यावर सगळं ठरतं असं मानलं जायचं, त्यामुळे मूल पायाळू आहे हे घरचे लपवून ठेवायचे. वैद्यकीयदृष्ट्या यात गूढ काही नाही, पूर्ण दिवस भरलेल्या बाळंतपणांत साधारण ३ ते ४ टक्के बाळांचे पाय किंवा कुल्ले खालच्या बाजूला असतात.

सापडलेल्या धनाची वाटणी अर्थशास्त्रातही आहे, खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा आणि तो नोकर असेल तर बारावा. आता १८७८चा निखात निधी कायदा लागू आहे, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.