गेमिंग विकार

गेमिंग विकार : व्हिडिओ गेम खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेमच वरचढ होणं आणि त्यापायी नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहणं किंवा वाढणं, या तीन लक्षणांवरून ओळखला जाणारा वर्तनाचा विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, त्याचा क्रमांक ६सी५१ आहे आणि मुख्यतः ऑनलाइन व मुख्यतः ऑफलाइन असे त्याचे दोन पोटप्रकार केलेत. शेजारचाच ६सी५० हा क्रमांक जुगाराच्या विकाराचा, ही शेजारओळख पुढे महत्त्वाची ठरते. लक्षणं साधारण १२ महिने दिसायला हवीत, फारच तीव्र असतील तर कमी काळही चालतो, आणि घर, शिक्षण, नोकरी, नातीगोती यांत ठळक बिघाड व्हायला हवा. तासांचा आकडा मात्र व्याख्येत कुठेच नाही. परीक्षा संपल्यावर पोरगं आठवडाभर रात्री दोनपर्यंत खेळलं तर आईची चिडचिड रास्तच आहे, पण तो ६सी५१ नाही. नुसता धोका वाढवणारं खेळणं असेल तर त्यासाठी आयसीडीत वेगळी नोंद आहे, क्यूई२२, ती रोगांच्या यादीत नसून आरोग्यावर परिणाम करणाऱ्या बाबींत येते.

मराठीत यासाठी तीन शब्द चालतात आणि तिघांचं वजन वेगळं. 'नाद' पत्त्यांचा, बैलगाड्याचा, गाण्याचा, कशाचाही लागतो, आणि कोल्हापूरकडे 'नाद खुळा' ही तर चक्क दाद असते. 'व्यसन' म्हटलं की दारू-तंबाखू डोळ्यासमोर येते, पण जुन्या संस्कृत वापरात हा शब्द बराच ऐसपैस होता. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायची अठरा व्यसनं सांगितलीत, त्यातल्या कामातून, म्हणजे वासनेतून, उपजणाऱ्या दहांमध्ये मद्याबरोबर शिकार, फासे, दिवसाची झोप, गाणं-बजावणं आणि उगाच भटकणंसुद्धा येतं. म्हणजे पोटात काही न जाता लागणारं व्यसन ही कल्पना आपल्याला नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ३४वं सूक्त, अक्षसूक्त, तर जुगाऱ्याच्याच तोंडचं आहे, आता खेळायचं नाही असं ठरवतो आणि फाशांचा आवाज कानावर आला की पाय परत तिकडेच वळतात. यावरून 'आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं' असं लिहिणारे भेटतात, पण इतकं ताणू नये, मनुस्मृतीत चिंता राज्य बुडण्याची आहे आणि सूक्तात घर मोडण्याची, निदानाचा प्रश्न तिथे नाहीच. 'विकार' हा तिसरा शब्द, तो डॉक्टरच्या फायलीतला, आणि सगळा वाद असा आहे की पहिल्या दोन शब्दांतलं माणूस तिसऱ्यात कधी आणि कशाच्या जोरावर टाकायचं.

या निदानाचा उगम नक्की कुठे धरायचा यावर एकमत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्केडमधल्या गेमच्या वेडाबद्दल वैद्यकीय लिखाणात तुरळक उल्लेख सापडतात, स्पेस इन्व्हेडर्सच्या झपाटलेपणावरचं एक छोटं टिपण १९८२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आलं होतं. पण तिथून आजच्या व्याख्येपर्यंत सरळ रेघ ओढणं अवघड जातं, आणि धागा जुगाराकडून येतो हे मत जास्त पटण्यासारखं आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या मानसिक विकारांच्या निदानाच्या ग्रंथात जुगार पहिल्यांदा १९८० साली तिसऱ्या आवृत्तीत आला तो आवेगावर ताबा नसण्याचा विकार म्हणून. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे निकष दारू आणि ड्रग्जच्या अवलंबित्वाच्या साच्यावर बेतले गेले. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत असे दहा निकष होते.

मध्येच एक गंमत झाली. १९९५ मध्ये न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी डीएसएमच्या भाषेची टर उडवायची म्हणून 'इंटरनेट व्यसन विकार' असा एक बनावट आजार ऑनलाइन टाकला, लक्षणांत इंटरनेटची स्वप्नं पडणं आणि बोटांची आपोआप टायपिंगसारखी हालचाल होणं वगैरे होतं. झालं काय, तर लोकांनी गंभीरपणे 'मला हे झालंय' असं सांगायला सुरुवात केली. म्हणून काही लेखक 'हा आजार मुळात जोकमधून निघाला' असं ठोकून देतात, ते मात्र बरोबर नाही, कारण त्याच सुमारास किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ गंभीरपणे याच विषयावर काम करत होत्या आणि १९९६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली एक सुरुवातीची केस तरुण पोराची नव्हतीच, ४३ वर्षांच्या गृहिणीची होती. यंगबाईंनी जुगाराच्या दहा निकषांतले आठ उचलून 'जुगार' च्या जागी 'इंटरनेट' बसवलं आणि पाच जुळले तर व्यसन असं ठरवलं. तेव्हा उसनवारी अशी झाली: दारूकडून जुगाराने घेतलं, जुगाराकडून इंटरनेटने आणि इंटरनेटकडून गेमने. आक्षेप घेणाऱ्यांचा सगळा राग या साखळीवर आहे, कारण दरवेळी आधीचा साचा तसाच ठेवून वस्तू तेवढी बदलली गेली, खेळणाऱ्या माणसाकडे बघून नव्याने काही मांडलं गेलं नाही असं ते म्हणतात.

मे २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ मध्ये 'इंटरनेट गेमिंग विकार' आला खरा, पण मान्य निदान म्हणून नाही, तिसऱ्या विभागात, म्हणजे अजून अभ्यास हवा अशा यादीत. कॅफीनचं व्यसनही त्याच यादीत आहे, चहाबाज वाचकांनी नोंद घ्यावी. निकष नऊ, त्यातले पाच १२ महिन्यांत दिसायला हवेत: सतत गेमचेच विचार, न खेळल्यास बेचैनी, दिवसेंदिवस जास्त खेळावंसं वाटणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, बाकी छंदांतून मन उडणं, नुकसान कळूनही खेळणं, घरच्यांशी खोटं बोलणं, वाईट मूड घालवायला खेळणं आणि नातं-नोकरी-शिक्षण धोक्यात येणं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही त्याची जागा बदलली नाही.

इथे खरी तांत्रिक अडचण आहे. नवापैकी पाच असं मोजलं तर पाच-पाच निकषांचे बरेच वेगवेगळे संच निघतात आणि सगळे निकष सारख्या वजनाचे नाहीत. सतत विचार येणं, जास्त खेळावंसं वाटणं, मूड सुधारायला खेळणं हे तिन्ही एखाद्या मनापासून खेळणाऱ्या पण पूर्ण ठीक असलेल्या माणसातही दिसतं, क्रिकेटवेड्या माणसाला हेच प्रश्न विचारून बघावेत. चार्ल्टन आणि डॅनफोर्थ या अभ्यासकांनी २००७ मध्येच अॅशरन्स कॉल या ऑनलाइन गेमच्या खेळाडूंवर अभ्यास करून 'गुंतणं' आणि 'व्यसन' या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या, त्यांच्या मते संघर्ष, बेचैनी, परत परत तिकडेच वळणं हे गाभ्याचं आणि बाकीचं काठावरचं. नॉटिंगहॅमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांचं व्यसनाचं सहा घटकांचं मॉडेल मात्र सहाही घटक एका माळेत ओवतं. नंतर २०२१ मध्ये अॅडिक्शन या जर्नलमध्ये एक आंतरराष्ट्रीय डेल्फाय अभ्यास, म्हणजे तज्ज्ञांना फेऱ्याफेऱ्यांनी मतं विचारून एकमत शोधणारा अभ्यास, आला, त्यात तज्ज्ञांचा कल ताबा सुटण्याकडे आणि आयुष्यात होणाऱ्या बिघाडाकडे झुकला, तर सहनशक्ती वाढणं (म्हणजे दिवसेंदिवस जास्त खेळावंसं वाटणं) आणि खोटं बोलणं यांसारखे निकष निदानाच्या कामाचे वाटले नाहीत. आयसीडीने नऊ न मोजता तीन लक्षणं आणि बिघाड एवढ्यावरच थांबायचं ठरवलं ते या दृष्टीने जास्त सावध म्हणायला हवं.

आयसीडीचा मसुदा बाहेर आल्यावर मोठा वाद झाला. गेमचे अभ्यासक एस्पेन आर्सेथ आणि इतर बऱ्याच अभ्यासकांनी मिळून एक खुला निबंध लिहिला, २०१७ च्या जर्नल ऑफ बिहेविअरल अॅडिक्शन्समध्ये तो छापला गेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पुरावा कच्चा आहे, निकष ड्रग्जवरून उचललेत, आणि शिक्का बसला तर लाखो साध्या मुलांच्या आईबापांच्या हातात एक काठी येईल. याउलट जॉन साँडर्स, हान्स-युर्गन रुम्फ वगैरे व्यसनांवर काम करणाऱ्या मंडळींचं उत्तर होतं की दवाखान्यात पेशंट येतायत, त्यांच्यासाठी नावच नसेल तर उपचार, विमा, प्रशिक्षण काहीच उभं राहत नाही. गेम उद्योगानेही विरोध केला, त्यांचा हितसंबंध उघडच आहे त्यामुळे त्याला वेगळं वजन द्यायचं कारण नाही. पण अभ्यासकांचा एक मुद्दा अजून सुटलेला नाही तो म्हणजे, नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार) किंवा घरातला ताण आधी आणि गेम ही त्यातली पळवाट, की गेम आधी आणि नैराश्य नंतर? दोन्ही दिशांनी जाणारे पेशंट असतात असं मानणं सध्या जास्त सुरक्षित. १८ जून २०१८ ला आयसीडी-११ प्रसिद्ध झाली, २५ मे २०१९ ला जागतिक आरोग्य सभेने मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. मधल्या काळात, मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन सुरू झाल्यावर गेम कंपन्यांनी 'लांब राहून एकत्र खेळा' अशी मोहीम काढली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या लोकांनीच तिला पाठिंबा दिला, त्यावर टीकाकारांनी तोंडसुख घेतलं. तसं बघितलं तर यात विसंगती नाही, खेळणं आणि ताबा सुटणं या दोन गोष्टी आहेत.

'गेम खेळताना ड्रग्जइतकं डोपामिन (बक्षिसाच्या ओढीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) सुटतं' अशा अर्थाचं वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं त्याचं मूळ बहुधा १९९८ च्या नेचरमधल्या कोएप आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात आहे. आठ निरोगी पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला दिला होता, पुढची लेव्हल गाठली की पैसे मिळायचे, आणि पेट स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या तपासणीत, मेंदूतल्या स्ट्रायटम या भागात डोपामिन वाढलेलं दिसलं. त्यात कुणी व्यसनी नव्हता, त्यामुळे यावरून व्यसनाबद्दल फार काही म्हणता येत नाही.

किती जणांना होतो याचे आकडे कोणते निकष लावले आणि माणसं कुठून गोळा केली यावर हलतात. प्रिबिल्स्की आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात चार देशांतल्या सर्वसाधारण लोकांत ०.३ ते १ टक्का असा अंदाज आला, तर स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या एकत्रित विश्लेषणात ३.०५ टक्के, आणि नमुना नीट निवडलेलेच अभ्यास धरले तर १.९६ टक्के. १.९६ चा आकडा जास्त विश्वासार्ह वाटतो.

कायदे निदानाच्या आधीच धावले. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्यांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद केले आणि दहा वर्षांनी तो नियम गुंडाळायचं ठरवलं. चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये १८ वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास ठेवला. जपानच्या कागावा प्रांताने २०२० मध्ये शाळेच्या दिवशी ६० मिनिटांचा वटहुकूमवजा सल्ला दिला, शिक्षा काही नाही.

उपचारांत विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन जास्त वापरलं जातं, सोबत नैराश्य वगैरे असेल तर त्याचं औषध. मोबाईल हिसकावून घेणं हा उपचार नाही.

भारतात बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' क्लिनिक आहे, दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ पासून वर्तनाच्या व्यसनांचं क्लिनिक. महाराष्ट्रात हा विषय गाजला तो पबजीमुळे, २०१९ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात पबजी बंदीसाठी जनहित याचिका केली होती. बंदी आली ती २ सप्टेंबर २०२० ला, एकूण ११८ ॲपवरच्या बंदीत, आणि कारण दिलं गेलं डेटा आणि देशाच्या सुरक्षेचं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला, त्याच्या सरकारी निवेदनात जागतिक आरोग्य संघटनेच्या गेमिंग विकाराचा हवाला आहे, मात्र कायद्याने बंद केले ते पैसे लावून खेळायचे गेम; ई-स्पोर्ट्स (गेमच्या स्पर्धा) आणि साध्या गेमना उलट प्रोत्साहन आहे. आयसीडीच्या हिशोबाने पैसे लावून खेळणं बहुतेक वेळा ६सी५० कडे जातं, आणि ६सी५१ मधला पोरगा, जो एक रुपया न लावता रात्रभर बॅटल रॉयल (पबजीसारखा, शेवटपर्यंत टिकून राहायचा गेम) खेळतो, तो या कायद्याच्या प्रोत्साहनाच्या बाजूला येतो.