त्वचेवरचा पातळ थर पाणी देत नाही, अडवतो

मॉइश्चरायझर लावूनही अंग कोरडंच राहतं, अशी तक्रार असेल तर क्रीम बदलण्याआधी ते कधी लावता हे पाहा. त्वचेचा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो आणि त्यातून पाणी सतत उडून जात असतं. पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, स्क्वालेन या घटकांचा थर ही गळती कमी करतो. त्यांच्यात स्वतःचं पाणी नसतं, त्यामुळे कोरड्या ठणठणीत त्वचेवर ते लावले तर अडवायला ओलावा कमीच असतो. अंघोळीनंतर त्वचा टॉवेलने टिपून घ्यावी, घासू नये, आणि २-३ मिनिटांत, ओलसरपणा आहे तोवर क्रीम लावावं.

गळती रोखण्यात पेट्रोलियम जेली सर्वांत सरस, पण ती चिकट लागते. डायमेथिकोन हे सिलिकॉन आहे. त्याच्या लांब, लवचीक साखळ्या त्वचेवर पसरून गुळगुळीत थर बनवतात, पण तो वाफ पूर्ण कोंडत नाही. त्वचेशी त्याची रासायनिक प्रक्रिया जवळजवळ होतच नाही, म्हणून नाजूक त्वचेलाही ते सहसा सोसतं. सिलिकॉनने त्वचेचा श्वास कोंडतो, ही भीती अनाठायी आहे. स्क्वालेन हलकं असतं. आपल्या त्वचेच्या तेलात असतं ते स्क्वालीन, नाव जवळचं पण पदार्थ वेगळा. त्याच्या रेणूत अणूंना जोडणारे सहा दुहेरी बंध असल्यामुळे ते हवेत लवकर खराब होतं. हायड्रोजन जोडून ते बंध संपवले की टिकाऊ स्क्वालेन मिळतं.

चेहऱ्यावर क्रीमच्या बारीक गोळ्या सुटतात तेव्हा दोष बहुधा घाईचा आणि प्रमाणाचा असतो. खालचं जेल सुकायच्या आत वर सिलिकॉनचं क्रीम चोळलं की दोन्ही थर एकमेकांना धरत नाहीत, गुंडाळले जातात. पाण्यासारखं पातळ आधी, जाड नंतर. मध्ये एक-दोन मिनिटं थांबावं. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम क्रीम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चोळण्याऐवजी दाबत लावावं.

स्टिरॉइडच्या मलमावर मात्र जेलीचा जाड थर मनाने देऊ नये. झाकलेल्या त्वचेत औषध जास्त मुरतं आणि त्वचा पातळ होण्याचा धोका वाढतो.