माझ्या जागेवर आलेलं बाळ

हान्स साडेतीन वर्षांचा असताना त्याला बहीण झाली. बाळ करकोच्यानं आणून दिलं, असं त्याला सांगण्यात आलं होतं. बाळाचं कुणी कौतुक केलं की हान्स तुच्छतेनं म्हणे, "पण तिला अजून दात कुठे आलेत?" थोड्याच दिवसांत त्याचा घसा आला, ताप चढला आणि तापाच्या भरात तो बोलून गेला, "मला बहीण नकोय!"

मनात दडलेल्या इच्छा आणि भीतीचा शोध घेणाऱ्या मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. बहिणीचा जन्म ही हान्सच्या आयुष्यातली फार मोठी घटना होती, हे त्यांनी मान्य केलं. तरी त्याला वाटणाऱ्या घोड्यांच्या भीतीचा उलगडा करताना त्यांनी मुख्य धागा धरला तो वडिलांच्या भीतीचा. मनोविश्लेषणाची नजर पुढेही बरीच वर्षं अशीच वर, आईवडिलांकडे लागलेली राहिली. शेजारी झोपलेल्या भावंडाकडे ती क्वचितच वळली.

खुद्द फ्रॉइडना हा अनुभव परका नव्हता. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा त्यांचा पाठचा भाऊ ज्युलियस तान्हेपणीच वारला. १८९७ साली मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबुली दिली, की या भावाच्या येण्यानं आपल्या मनात त्याचं वाईट व्हावं असं आलं होतं, हेवा वाटला होता, आणि तो गेल्यावर अपराधीपणाचं बीज मनात राहिलं. चाळिशी ओलांडलेला माणूस हे लिहीत होता. लहान मुलाला इच्छा आणि कृती यांतला फरक नीट कळत नाही. ‘हा जाऊ दे’ असं मनात आलं आणि तो खरंच गेला, तर ते आपणच केलं असं त्याला वाटू शकतं. भावंड गमावलेल्या मुलाशी बोलताना मोठ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

पण हेवा नेमका कशाचा? मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी थोरल्या मुलाला गादीवरून उतरवलेल्या राजाची उपमा दिली. ती पटते, पण पुरत नाही. फ्रेंच मनोविश्लेषक जाक लाकाँ यांनी १९३८ साली प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांच्या एका जुन्या निरीक्षणाचा आधार घेतला: बोलताही न येणारं एक मूल, दुसरं बाळ अंगावर पीत असताना पांढऱ्याफटक चेहऱ्यानं, कडवट नजरेनं त्याच्याकडे पाहत राहतं. लाकाँच्या मते यात नुसती दुधाची भांडाभांडी नाही. त्या मुलाला समोर स्वतःचंच रूप दिसतं, आणि तिथे बसलेलं कुणी वेगळंच असतं.

ब्रिटिश मनोविश्लेषक ज्युलिएट मिचेल यांनी २००० नंतरच्या लेखनात हा विचार पुढे नेला. आजवर ‘घरातलं बाळ’ म्हणजे मी. आता बाळ ती आहे, मग मी कोण? खेळणं जाण्यापेक्षा हे फार मोठं आहे, कारण इथे स्वतःचं असणंच डळमळतं. मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, बाटलीनं दूध मागतं, त्यामागे हरवलेली जागा परत मिळवण्याची धडपड असू शकते. मिचेल म्हणतात, इथे आईचा एक कायदा लागू होतो: याला मारायचं नाही, आणि तुम्ही दोघंही माझीच. एकासारखी एक, तरी वेगळी, अशी मुलं ओळीनं असू शकतात, हे मूल इथे शिकतं.

फ्रॉइडनीही १९२१ साली समूहाच्या मानसशास्त्रावर लिहिताना असंच काही सुचवलं होतं. धाकट्याला इजा केली तर आईवडिलांचं प्रेम आपणच गमावू, हे कळल्यावर मूल तडजोड करतं: मला खास काही मिळणार नसेल, तर कुणालाच मिळू नये. ‘सगळ्यांना सारखं’ हा न्यायाचा आग्रह त्यांना या गिळलेल्या मत्सरातून आलेला दिसला.

मग आईवडीलच नसतील तर? १९४५ साली चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझीनच्या नाझी छळछावणीतून वाचलेली तीन-चार वर्षांची सहा मुलं इंग्लंडमधल्या एका घरात आणली गेली. त्यांचे आईवडील मारले गेले होते, ती एकमेकांची सख्खी भावंडंही नव्हती. फ्रॉइड यांची मुलगी, मनोविश्लेषक आना फ्रॉइड आणि या मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डान यांनी १९५१ साली त्यांच्याबद्दल लिहिलं. सुरुवातीला ही मुलं मोठ्यांवर धावून जात, खेळणी मोडत, पण एकमेकांपासून क्षणभरही दूर राहायला तयार नसत. एरवी भावंडांत दिसणारी चढाओढ त्यांच्यात जवळजवळ नव्हती. ज्याच्या प्रेमासाठी भांडावं असं मोठं माणूसच त्यांना नव्हतं. त्यांचं जे काही प्रेम होतं ते एकमेकांवरच होतं. फिरायला गेल्यावर कुणी मागे पडलं तर बाकीची थांबत, खड्डा ओलांडताना हात देत, वाटेतली फांदी दुसऱ्यासाठी बाजूला धरत. आणि जेवायला बसल्यावर शेजाऱ्याला वाढलं गेलंय ना, ही काळजी त्यांना स्वतःच्या खाण्यापेक्षा मोठी होती.