काकूंचं डोकं आणि टोंगाचा ज्वालामुखी

१५ जानेवारी २०२२. हर्णैच्या आमच्या काकूंचं डोकं सकाळपासून धरलं होतं. संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली: पॅसिफिक महासागरात टोंगाजवळ ज्वालामुखी फुटला. काकू म्हणाल्या, "तरीच! मला कळतं ते."

असं सांगणारी माणसं जगभर आहेत. कुणाचे कान वाजतात, कुणाचे सांधे ठणकतात आणि मग कुठेतरी डोंगर फुटल्याचं कानावर येतं. त्यांचं दुखणं खोटं नसतं. ते ज्वालामुखीमुळेच होतं का, हे मात्र तपासता येतं.

टोंगाचा मोठा स्फोट आपल्या वेळेनुसार सकाळी ९.४५ च्या सुमाराला झाला. त्याने हवेला बसलेला धक्का ताशी सुमारे ११०० किलोमीटर वेगाने पृथ्वीभर पसरला. टोंगा ते कोकण हे अंतर साडेबारा-तेरा हजार किलोमीटर. भागाकार केला तर ही लाट आपल्याकडे पोचली ती रात्री नऊच्या आसपास. काकूंचं डोकं तोवर थांबलंही होतं.

लाट तरी केवढी? इतक्या लांब हवेचा दाब फार तर एक-दोन हेक्टोपास्कलने हलला. एक हेक्टोपास्कल म्हणजे आठ-साडेआठ मीटर उंच चढल्यावर दाबात पडणारा फरक. कुंभार्ली घाट चढताना कानांत दडे बसतात, तेव्हा दाब याच्या कितीतरी पट उतरलेला असतो. वायुभारमापकाला ती लाट कळली, कानाला कळणं अवघड.

स्फोटाआधीच्या खुणाही असतातच. शिलारस वर सरकताना बारीक भूकंप होतात, गंधकाचे वायू सुटतात, जमीन फुगते. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स पर्वताची उत्तरेकडची बाजू दिवसाला जवळजवळ दोन मीटर बाहेर येत होती. फिलिपिन्समध्ये १९९१ साली अशाच खुणा मोजून शास्त्रज्ञांनी पिनातुबोच्या पायथ्याची हजारो माणसं वेळेत हलवली. मला हे विज्ञानाचं फार मोठं पुण्य वाटतं. पण ही उपकरणं डोंगराच्या अंगाखांद्यावर बसवावी लागतात.

मग मेळ इतक्यांदा कसा बसतो? कारण जगात कुठल्याही दिवशी ४०-५० ज्वालामुखी धुमसत असतात. डोकं कधीही दुखो, जोडी लावायला एक सापडतोच.

आपल्याकडे तुरळ किंवा उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे बोट दाखवून 'खाली ज्वालामुखी आहे' असं म्हणतात. तसं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. कोकणातला खरा ज्वालामुखी पाहायचा तर घराच्या भिंतीकडे बघावं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यांचा काळा पाषाण पावसाने झिजून, कुजून जांभा झाला आणि त्याचेच चिरे आपण रचतो.

काकूंना मी एक वही दिली. डोकं धरलं की लगेच तारीख, वेळ आणि कुठे स्फोट होणार ती जागा, तीनही लिहायचं, बातमी ऐकण्याआधी. त्या मनापासून लिहितात. मे महिन्यात तारखा फार दाट झालेल्या दिसल्या तेव्हा मी त्यांना रक्तदाब तपासायला दवाखान्यात घेऊन गेलो. जागेच्या रकान्यात अजून एकाही डोंगराचं नाव नाही.